वेल उपटायला पैसे, राखायला नुसतं कौतुक

युरोपात वाइन पुन्हा एकदा जास्त झाली आहे. लोक पूर्वीपेक्षा कमी पितात, त्यातही लाल वाइन फारच कमी, आणि तळघरांतल्या टाक्या रिकाम्या होईनात. त्यावरचा उपाय जुनाच आहे: शेतकऱ्याला पैसे द्यायचे आणि वेली उपटायला लावायच्या. फ्रान्सने हेक्टरी ४,००० युरो देऊन हे सुरूही केलं. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने मांडलेल्या प्रस्तावात सदस्य देशांना उपटणीवर पैसा खर्च करायची मोकळीक आहे. उपटणीला सरसकट विरोध करण्यात अर्थ नाही. जी वाइन कोणी घेत नाही तिच्यासाठी द्राक्षं पिकवत राहिल्याने शेतकऱ्याचंही भलं होत नाही. प्रश्न एवढाच आहे की कुठली वेल जाणार हे ठरवताना सरकार वेलीचं वय आणि वाण विचारतं का. आजवर विचारलेलं नाही. त्याची किंमत दक्षिण इटलीने एकदा मोजली आहे, आणि न विचारताही काय वाचू शकतं याचा नमुनाही तिथेच आहे.

नमुना आहे काम्पानिया प्रांतातल्या इर्पीनियाचा. नेपल्सच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर आव्हेलिनो शहर, त्याच्या भोवतीचा हा डोंगराळ मुलूख. दक्षिण इटली म्हटलं की ऊन आणि समुद्र डोळ्यांसमोर येतो. इथे द्राक्षबागा ४०० ते ७०० मीटर उंचीवर आहेत, रात्री गार असतात आणि हिवाळ्यात बर्फ पडतो. जमीन चुनखडीची आणि चिकणमातीची, तिच्यावर व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकांत येऊन पडलेली राख. इथल्या आत्रिपाल्दा गावात मास्त्रोबेरार्दिनो घराण्याची वाइनरी आहे. व्यवसायाची अधिकृत नोंद १८७८ ची, घराण्याचा वाइनशी संबंध त्याहून शंभरेक वर्षं जुना.

वारसा म्हटला की अशा घराण्यांचं १८७८ हे साल बाटलीवर येतं आणि कमानी असलेल्या तळघराचा फोटो छापला जातो. पण साल आणि तळघर यांतून वाइन होत नाही. या घराण्याने खरोखर जपलं ते तीन वाणांचं लाकूड, म्हणजे पुन्हा लावता येणारी काडी: लाल आल्यानिको आणि पांढरे फियानो व ग्रेको.

हे जपणं म्हणजे नेमकं काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. फायलोक्झेरा ही मुळांवर जगणारी मावा-वर्गातली कीड इटलीत १८७९ मध्ये उत्तरेकडे सापडली. इर्पीनियापर्यंत पोचायला तिला काही दशकं लागली. त्यामुळे फ्रान्सच्या बागा उजाड झाल्या त्या काळात इथली वाइन रेल्वेने भरभरून बाहेर जात होती. आव्हेलिनोहून रोक्केत्ताकडे जाणारा लोहमार्ग १८९५ मध्ये पुरा झाला तो बऱ्याच अंशी या मालाच्या जिवावर. मग कीड आली आणि पाठोपाठ दुसरं महायुद्ध. कीड लागलेली बाग वाचवायचा एकच मार्ग असतो: या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, कलम करून सगळं नव्याने लावायचं. म्हणजे बाग तर बदलायचीच होती, खुंटही ठरलेला होता. मोकळा प्रश्न होता तो वरच्या काडीचा. कुठल्या वाणाचे डोळे भरायचे?

त्या काळचा सल्ला स्पष्ट होता: सांजोवेझे, ट्रेब्बियानो, बार्बेरा. सल्ला मूर्खपणाचा नव्हता. हे वाण भरपूर देतात, आल्यानिकोच्या आधी पिकतात आणि टाकीने विकायला सोपे पडतात. युद्धानंतर हातात पैसा नसलेल्या शेतकऱ्याला दुसरं काय सांगणार? आंतोनियो मास्त्रोबेरार्दिनो (१९२८–२०१४) यांनी मात्र जुन्या वाणांच्या काड्या लावल्या आणि द्राक्षं पुरवणाऱ्या आसपासच्या शेतकऱ्यांनाही तेच धरून ठेवायला लावलं. फियानो त्या वेळी जवळजवळ संपल्यात जमा होता. आज फियानो दि आव्हेलिनो आणि ग्रेको दि तूफो या दोन्ही नावांना इटलीचा सर्वोच्च दर्जा, डीओसीजी, आहे. तो २००३ मध्ये मिळाला. आल्यानिकोपासून होणाऱ्या तौराझीला तो त्याआधी १९९३ मध्ये मिळाला होता. आंतोनियोंच्या हाताखालचं १९६८ चं तौराझी जाणकार अजून आदराने उघडतात. एका माणसाचा हट्ट नसता तर या दर्जांना लावायला द्राक्षच उरलं नसतं. आणि सार्वजनिक धोरण एका माणसाच्या हट्टावर सोडून चालत नाही, हाच माझा मुद्दा आहे.

वेल आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या घराण्याला पुढे घरातच दिसलं. १९९४ मध्ये आंतोनियो आणि त्यांचे भाऊ वॉल्टर वेगळे झाले. नाव आणि जुनी वाइनरी एकाकडे राहिली, बागांचा मोठा भाग दुसऱ्याकडे गेला आणि त्यातून तेर्रेदोरा ही वेगळी वाइनरी उभी राहिली. नाव राहिलेल्यांना बागांची पुन्हा जुळवाजुळव करावी लागली, बागा मिळालेल्यांना नाव कमवावं लागलं. दोघांनाही जमलं, कारण लाकूड दोघांकडे होतं.

व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरातला प्रयोग जगभर जास्त गाजला. १९९६ मध्ये पुरातत्त्व खात्याशी करार करून या वाइनरीने पॉम्पेईच्या अवशेषांमध्ये छोट्या तुकड्यांत मिळून हेक्टरभर वेली लावल्या, २००१ च्या द्राक्षांची ‘व्हिल्ला देइ मिस्तेरी’ नावाची वाइन २००३ मध्ये आली, बाटल्या १,७२१. वर्तमानपत्रांना यापेक्षा चांगली बातमी काय हवी. त्यातला खरा मोलाचा भाग मात्र वाइनचा नव्हता. अमेरिकन अभ्यासक विल्हेल्मिना याशेम्स्की यांनी आधीच्या दशकांत इथल्या राखेत कुजून गेलेल्या मुळांच्या पोकळ्या शोधून त्यांत ओतकाम केलं होतं. अँफिथिएटरजवळच्या एका मोठ्या आवारात दोन हजारांहून जास्त वेलींच्या आणि त्यांच्या आधारकाठ्यांच्या जागा सापडल्या. रोमन माणूस किती अंतरावर वेल लावत होता हे त्यामुळे अंदाजाने नव्हे, मोजून सांगता येतं. पण ते दोन हजार वर्षांपूर्वीचं अंतर आहे, वाण नव्हे. ‘ग्रीकांनी आणलेलं द्राक्ष’ म्हणून आल्यानिकोची जी जाहिरात होते तिचंही तसंच. आजच्या ग्रीक वाणांशी त्याचं जवळचं नातं डीएनए चाचणीत दिसलेलं नाही. वारशाची बाजू घेणाऱ्यांनी हे आपणहून सांगितलं पाहिजे. आल्यानिको राखायला हवं ते त्याच्यामागे ग्रीक उभे आहेत म्हणून नव्हे, तर ते या उंचीवर जे देतं ते दुसरं कुठलं द्राक्ष देत नाही म्हणून.

ते काय देतं आणि काय मागतं, इथे जरा थांबायला हवं, कारण वाइनरीचं ‘तत्त्वज्ञान’ म्हणून जे छापलं जातं ते बहुतेक या द्राक्षाच्या अडचणींतून आलेलं असतं.

आल्यानिको उशिरा पिकतं. इर्पीनियात तोडणी ऑक्टोबरच्या अखेरीस, कधी नोव्हेंबरात. साखर त्याच्या आधीच उतरलेली असते. मागे राहतं ते बी. साखर मोजून तोडलं तर बियांमधलं हिरवं टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, रसात उतरतं आणि ती वाइन दहा वर्षं ठेवली तरी कडूच राहते. म्हणून ब्रिक्सच्या, म्हणजे साखरेच्या मापाच्या, आकड्याबरोबर बी दाताखाली फोडून पाहावं लागतं: तपकिरी, कुरकुरीत आणि भाजल्यासारखी चव असेल तरच तोडायची. थांबावं तर ऑक्टोबरचा पाऊस आहे. घड दाटीचा, पाणी आत अडकतं आणि कुज लागते. फळाभोवतालची पानं कधी आणि किती काढायची याचा निर्णय इथे वर्षभराची कमाई ठरवतो. फार जास्त काढली तर उन्हाचा चट्टा, फार कमी काढली तर ओल.

तळघरात आल्यावर दुसरी अडचण. या द्राक्षात आम्ल भरपूर असतं, पीएच कमी. तोडणी उशिरा झालेली, म्हणून साखरेचं फर्मेंटेशन आणि सालीसह दोन-तीन आठवड्यांचं भिजवण उरकेपर्यंत नोव्हेंबर संपत आलेला असतो. त्यानंतर जीवाणूंनी तिखट मॅलिक आम्लाचं मऊ लॅक्टिक आम्ल करायचं असतं. कमी पीएच आणि पंधरा अंशांखालचं तळघर, या दोन्हींत ते जीवाणू काम बंद करतात. मग वाइन वसंतापर्यंत अर्धवट पडून राहते. त्या काळात वाइन बिघडू नये म्हणून द्यायचा गंधकाचा डोस देता येत नाही, कारण तो दिला तर हे जीवाणूच मरतात. आणि गंधकाविना उघड्या पडलेल्या वाइनमध्ये ब्रेटॅनोमायसीस हे यीस्ट घुसतं. घोड्याच्या खोगिराचा, जखमेच्या पट्टीचा वास येतो तो त्याचा. जुन्या इर्पीनियातल्या कितीतरी वाइनना हा वास होता आणि लोक त्यालाच ‘मातीचा गुण’ म्हणत असत. तो मातीचा गुण नव्हे, गार तळघराचा दोष आहे. उपाय साधे आहेत: टाकी वीस अंशांच्या आसपास ठेवायची, पहिलं फर्मेंटेशन संपत येतानाच जीवाणू घालायचे, पिंप काठोकाठ भरलेलं ठेवायचं. परंपरा म्हणून यातलं काही टाळणं हा निव्वळ आळस.

पिंपाच्या लाकडाचंही तेच. तौराझीच्या नियमांनुसार वाइन किमान तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं किमान एक वर्ष लाकडात. ‘रिझर्व्हा’ या वरच्या प्रतीला चार वर्षं, त्यात दीड वर्ष लाकूड. पण लाकूड किती मोठं हे नियमात नाही. २२५ लिटरच्या नव्या फ्रेंच पिंपात प्रत्येक लिटर वाइनला लाकडाचा जेवढा पृष्ठभाग लागतो, त्याच्या निम्म्याहून कमी तीन हजार लिटरच्या मोठ्या पिंपात लागतो. आल्यानिकोला स्वतःचंच टॅनिन इतकं असतं की छोट्या नव्या पिंपाचं टॅनिन वर चढलं की तोंड नुसतं कोरडं पडतं आणि व्हॅनिलाच्या वासाखाली इर्पीनिया गडप होतं. १९९० च्या दशकात परदेशी परीक्षकांच्या गुणांसाठी अनेकांनी हे केलं. मोठं जुनं पिंप ही इथे भावनेची निवड नाही, द्राक्षाने घातलेली अट आहे.

२३ नोव्हेंबर १९८० च्या भूकंपात इर्पीनियात अडीच हजारांहून जास्त माणसं गेली, गावंच्या गावं पडली. मास्त्रोबेरार्दिनोंच्या वाइनरीचंही नुकसान झालं. पुन्हा उभारणी झाल्यावर त्यांनी १९८६ पासून तौराझीची जी नवी वाइन काढली तिचं नाव ठेवलं ‘रादीची’, म्हणजे मुळं. इमारत दोन-चार वर्षांत बांधता येते, पन्नास वर्षांची वेल बांधता येत नाही, हे त्या काळात कोणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

आता पुल्याकडे, म्हणजे इटलीच्या टाचेकडे, वळू. तिथल्या सालेंतो भागात प्रिमितीवो आणि नेग्रोआमारो हे लाल वाण पूर्वापार ‘आल्बेरेल्लो’ पद्धतीने लावलेले: तारा नाहीत, मांडव नाही, गुडघाभर उंचीचं स्वतंत्र झुडूप. वेल जमिनीलगत राहते, स्वतःची सावली स्वतः करते, पाणी कमी मागते आणि घड थोडे पण रसाने घट्ट देते. सगळी कामं हाताने, वाकून. त्याच प्रदेशात आपल्याकडच्या मांडवासारखी ‘तेंदोने’ पद्धतही आहे. तिथे ठिबक आणि खत दिलं की टनांनी द्राक्ष निघतं. युरोपात वाइन जास्त झाली ती या दुसऱ्या प्रकारच्या बागांनी. उपटलं गेलं मात्र मोठ्या प्रमाणावर पहिलं.

कसं, ते २००८ च्या योजनेत पाहा. तीन वर्षांत १,७५,००० हेक्टर वेली काढायचं युरोपीय संघाचं उद्दिष्ट होतं. अनुदान बागेच्या जुन्या उत्पादनावरून ठरायचं: जितकं जास्त पीक, तितका जास्त दर. कागदावर हे शहाणपणाचंच दिसतं, मोठ्या पिकाच्या बागा आधी जाव्यात असा त्यामागचा विचार. पण अर्ज जास्त आले तर प्राधान्य होतं सगळी बाग काढणाऱ्याला आणि ५५ वर्षांवरच्या शेतकऱ्याला. झुडुपाच्या बागा कोणाकडे होत्या? नेमक्या वय झालेल्या, एखाद-दोन एकर असलेल्या, मुलं शहरात गेलेल्या माणसाकडे. मांडववाल्याकडे ट्रॅक्टर होता, पाणी होतं, विकत घेणारा होता. त्याला घाई नव्हती. डोंगर-उताराच्या बागा योजनेबाहेर ठेवायची मुभा देशांना होती. सालेंतो सपाट आहे. उताराला संरक्षण मिळालं, वयाला मिळालं नाही.

यातला विरोधाभास पुढच्या काही वर्षांतच उघडा पडला. २०१४ मध्ये इटलीच्याच पांतेल्लेरिया बेटावरच्या आल्बेरेल्लो पद्धतीला युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ज्या वेलीला आकार द्यायच्या कलेसाठी टाळ्या वाजल्या, तीच वेल उपटायला मुख्य भूमीवर सरकारी पैसा नुकताच देऊन झाला होता.

विरोधी बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा असा, की जुनी वेल शेतकऱ्याचं पोट भरत नाही. तो खराच आहे. झुडुपाच्या बागेला यंत्राने होणाऱ्या बागेच्या दुप्पट-तिप्पट मजुरी लागते आणि पीक निम्मं. तौराझी करणाऱ्याला पहिल्या बाटलीचे पैसे तीन वर्षांनी दिसतात. तोवर पिंप, तळघर आणि कर्जाचं व्याज चालूच. मोठ्या वाइनरीला हे झेपतं, दोन हेक्टरवाल्याला नाही. तो द्राक्षं विकतो, आणि द्राक्षाच्या भावात वेलीच्या वयाला वेगळा दर बहुधा नसतोच. शिवाय स्थानिक वाण आहे म्हणून वाइन चांगलीच होईल असं काही नाही. ग्रेकोचा रस हवेशी संपर्क आला की चटकन तपकिरी होतो. दाबणी हलकी नसेल, रस गार ठेवला नसेल, तर बाटलीत सोनेरी रंग आणि पडलेली चव एवढंच उरतं. अशा वाइनला वारसा म्हणून चढा भाव मागणं ही ग्राहकाची फसवणूक आहे.

पण या मुद्द्यातून निघतं काय? जुनी बाग बाजारावर सोडली तर जाणार, हे. म्हणजे सार्वजनिक पैसा कुठे हवा तेही त्यातूनच कळतं. सरकार बागेत पैसा घालणारच आहे. तो मोडायला द्यायचा की राखायला, एवढीच निवड आहे. आणि गेलेली वेल परत आणायचा खर्च कोणी मोजत नाही. जुन्या बागेत एकाच वाणाच्या वेलीही सारख्या नसतात. कुणाचा घड सुटा, कुणाची साल जाड, कुणी आठवडाभर उशिरा पिकतं. रोपवाटिकेतला एकच क्लोन, म्हणजे एकाच वेलीच्या हुबेहूब नकला, लावला की हे सगळं पुसलं जातं. महाराष्ट्रातल्या बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. तासगावच्या बाजूचं तास-ए-गणेश काय किंवा नान्नजचं सोनाका काय, दोन्ही थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाच्या बागेत शेतकऱ्याच्या नजरेला पडलेल्या वेगळ्या काडीतून आली. कुठल्या परदेशी कॅटलॉगातून नव्हे. (आणि इर्पीनियाला ज्याची शिफारस झाली होती ते सांजोवेझे आज अकलूजच्या फ्रातेली वाइनरीच्या बागेत आहे. तिथे ते कुणाला हुसकावून आलेलं नाही, त्यामुळे तक्रार नाही.)

तर करायचं काय? इटलीच्या हातात साधन आधीच आहे. २०१६ च्या वाइन कायद्यात ‘ऐतिहासिक बागा’ ही वर्गवारी आली आणि २०२० च्या आदेशाने तिची व्याख्या झाली: जमिनीच्या त्या गटात १९६० पूर्वीपासून वेल असल्याचा पुरावा हवा आणि लागवड पारंपरिक पद्धतीची हवी. उपटणीच्या अनुदानाला ही यादी जोडायची. यादीतल्या गटाला उपटणीचा पैसा नाही; त्याऐवजी हाताने होणाऱ्या कामाच्या तासांवर दरवर्षी थेट रक्कम, म्हाताऱ्या शेतकऱ्याऐवजी कसणाऱ्या तरुणालाही मिळेल अशी. हे नुसतं गोठवणं होऊ नये म्हणून छाटणीची अटही घालावी लागेल. जुन्या खोडावर जाड लाकडाला मोठा काप दिला की आत सुकं लाकूड वाढतं, एस्का हा बुरशीजन्य रोग शिरतो आणि साठ वर्षांची वेल एका उन्हाळ्यात वाळून जाते. अनुदान घ्यायचं तर काप कोवळ्या, एक-दोन वर्षांच्या लाकडातच.

यादीबाहेरची बाग जाणार असेल तर जाऊ दे, पण काडी घेतल्याशिवाय नाही. प्रत्येक गटातून पन्नासेक वेली तोडणीच्या आधी, घड अंगावर असताना, खुणा करून ठेवायच्या. पानांवरून विषाणूची चाचणी. निरोगी निघतील त्यांच्या दोन-दोन काड्या वेल झोपेत असताना घ्यायच्या, फायटोप्लाझ्मा या जीवाणूसारख्या रोगजंतूसाठी ५० अंशांच्या पाण्यात ४५ मिनिटं ठेवायच्या, ओल राखून शीतगृहात आणि मग खुंटावर. कोरड्या चुनखडीच्या जमिनीसाठी पॉलसेन ११०३ किंवा रुजेरी १४० हे खुंट चालतात. दोन्ही सिसिलीतच तयार झालेले, त्यांच्यासाठी बाहेर जायलाही नको. लावायच्या दोन वेगळ्या ठिकाणी, म्हणजे एका ठिकाणी रोग पडला तर दुसरीकडे शिल्लक राहील. हेक्टरी उपटणीच्या अनुदानापुढे हा खर्च किरकोळ आहे.

एकच गोष्ट वेळापत्रकात चुकता कामा नये. खुणा सप्टेंबर-ऑक्टोबरात, काड्या जानेवारी-फेब्रुवारीत. उपटणीची मंजुरी हिवाळ्याच्या सुरुवातीला देऊन लगेच यंत्र घातलं, तर खुणा केलेल्या वेलीही काडी घ्यायच्या आधीच बांधावर पेटवल्या जातात. म्हणून मंजुरीच्या कागदावर काम सुरू करायची तारीख एक मार्च असली पाहिजे.